ब्रिसाच्या रक्ताचे कागद

५ मार्च, मंगळवार

पोचलो एकदाचे. निल्दा, तू म्हणाली होतीस, रोज अर्धं पान तरी लिहीत जा, फोनवर तू थापा मारतोस, कागदावर तुला जमायचं नाही. म्हणून ही वही. पाचवीनंतर पेन धरलं ते फक्त पगाराच्या सहीला, तेव्हा अक्षराला हसू नकोस. नोव्हेंबरात सणाला इकीकेच्या घरकामातून सुटून येशील तेव्हा सगळं एका दमात वाच.

बसमधून उतरलो तेव्हा असं लख्ख ऊन होतं की डोळे मिटावे लागले. ब्रिसानं आधी भट्टीचं धुराडं पाहिलं. म्हणाली, ताता, बघ, आबा किती उंच झालेत! माझ्या बापाच्या तोंडातली सिगारेट तिच्या ध्यानात आहे. बसमधले सगळे हसले. मग धुराड्याला हात हलवून तिनं आबांना नमस्कारही केला.

मुकादम डोन एफ्राईननं माझे कागद चाळले आणि म्हणाला, एलॉय वाराची, वय चोवीस, तीन वर्षांत पाच नोकऱ्या. तुझ्यासाठी मी महिने मोजू की आठवडे? मी म्हटलं, या वेळी पायाला वजन बांधून आणलंय. त्यानं ब्रिसाकडे पाहिलं, म्हणाला, वजन जरा हलकंच दिसतंय तुझं. पण हसला. माणूस बरा आहे.

घर मिळालं. ओळीतलं शेवटचं, दोन खोल्या, निळं दार, लोखंडी चूल. भाडं नाही. मागच्या खिडकीतून खंगराचा काळा डोंगर दिसतो. भट्टीतून शिसं काढून घेतल्यावर उरलेला लाल रस गाडीनं तिथं नेऊन ओततात, तो थंड होऊन काळा होतो. संध्याकाळी ओतला तेव्हा डोंगरावरून सूर्य घरंगळत आल्यासारखं दिसलं. ब्रिसानं टाळ्या पिटल्या. मलाही वाटलं, इथे राहावंसं वाटतंय बुवा.

८ मार्च, शुक्रवार

काम असं. पट्ट्यावर माल ओढायचा, तोंडाला फडकं आणि वर मुखवटा, पाळी संपली की अंघोळ करूनच बाहेर. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, पोरांना शिसं लागतं. हे पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं.

दिवसा ब्रिसा डोन्या कासिल्दाकडे असते. म्हातारी फाटकाशी जांभळ्या मक्याचं गरम आपी विकते आणि चार पैशांत पोरं सांभाळते. जीभ तिखट आहे. सकाळी ब्रिसाच्या वेण्या पाहून मला म्हणाली, या तू घातल्यास की येताना वाटेत वाऱ्यानं घातल्या? नंतर स्वतःच सोडून परत घातल्या.

इथे थंडी फार. ब्रिसाचा स्वेटर विरलाय. काल झाडताना दारामागच्या खिळ्यावर एक लाल स्वेटर सापडला, हातानं विणलेला, बाहीच्या काठाला पांढरे लामा. ब्रिसाला थोडा मोठा होतो, बाह्या दुमडल्या की झालं. धुवायला हवा होता, पण वाळायला दोन दिवस जातील आणि थंडी आजच आहे. झटकला आणि घातला तिला. तिनं तो रात्रीही काढला नाही.

कासिल्दानं विचारलं, कुणी विणला रे एवढा छान? मी म्हटलं, हिच्या आईनं. उगीच. दुसऱ्याच्या घरात टाकून दिलेलं पोरीला घालतो असं कुणी म्हणायला नको. निल्दा, तू तसाच विणून पाठव, मग थाप खरी होईल.

रात्री ब्रिसाला कोकराची आठवण येते. आबांच्या लामाचं ते पांढरं पिल्लू. आबांनी त्याचं ठेवलेलं नाव तुला माहीत आहे, वहीत लिहिण्यासारखं नाही. गावच्या पाद्र्यासमोरही ब्रिसा त्याला त्याच नावानं हाक मारायची आणि आपण तोंड लपवायचो. इथे लिहायला मी त्याला पालोमिता म्हणतो.

आत्ता माझ्या मांडीवर बसून वही ओढून घेतली आणि ‘वाचून’ दाखवतेय. वही उलटी धरलीय.

१५ मार्च, शुक्रवार

भट्टीवर काम करणाऱ्यांच्या दहा वर्षांखालच्या सगळ्या पोरांचं रक्त दवाखान्यात तपासतात. काल नेलं होतं. ग्लादिस नर्सबाई आडदांड आहे, पण हात कापसाचा. ब्रिसा रडली नाही. रक्त नळीत चढताना पाहून म्हणाली, माझ्यात एवढं लाल होतं?

आज कागद मिळाला. मला आकडे कळत नाहीत हे बघून ग्लादिसबाईनं बोट ठेवून समजावलं. शिसं ९. पाचच्या आत हवं, पण या गावात ९ म्हणजे ठीक, नऊ दिवसांत काय लागणार, हे बसच्या धुराचंच असेल. हात धुवायचे, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, झाडायची नाही, दूध द्यायचं. रक्ताचा गट ओ. मी म्हटलं, माझाही ओ, हिच्या आईचाही ओ. बाई म्हणाली, आपल्या डोंगरात सगळ्यांचाच ओ, त्यात काय मोठी मिरवणूक काढायचीय.

कागद घडी करून वहीत ठेवलाय. छान वाटलं. आपल्या पोरीबद्दल कुणीतरी एवढं टाईप करून ठेवलंय, शिक्का मारलाय.

फरशी आजपासूनच पुसायला घेतली.

२१ मार्च, गुरुवार

वाईट झालं. चूक माझी. आज माझी सुट्टी होती, ब्रिसाला लाल रस जवळून बघायचा होता. लांबून दाखवतो म्हणालो आणि जरा जास्तच जवळ नेलं. ओतला तेव्हा खाली कुठेतरी पाणी साचलेलं असणार. असा स्फोट झाला की माझे कान बंद झाले. कुणाला लागलं नाही. ठिणग्या आमच्यापासून वीस हातांवर पडल्या.

पण ब्रिसा उभीच राहिली. ओरडली नाही, रडली नाही. उचलली तर अंग सैल, डोळे उघडे. घरी आणली. सूप ओठाला लावलं तर ओठ हलत नाहीत. हाक मारली तर माझ्याकडे बघते, पण जणू बसच्या खिडकीतून बघतेय.

डॉक्टर तरुण पोरगा आहे, शहरातला. टॉर्च मारून बघितलं, म्हणाला, धक्का बसलाय, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. कासिल्दानं नुसतं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, ही इथे नाहीये रे, ही अजून तिकडे डोंगरावरच उभी आहे.

हे मलाही कळत होतं. आपल्या गावात लहानपणी माझाही दचकून मागे राहिलेला जीव दोनदा हाक मारून आणला होता.

२३ मार्च, शनिवार

आज बोलावलं. कासिल्दा म्हणाली, पोरीच्या अंगावरचं सगळ्यात आवडतं कापड दे, न धुतलेलं, घामाचं. मी लाल स्वेटर काढून दिला. ती म्हणाली, हा हिचाच ना? जन्मापासून कुणा दुसऱ्याच्या अंगाला लागला नाही ना? दारात शेजारच्या बायका उभ्या होत्या. मी म्हटलं, हिच्या आईनं विणलाय, सांगितलं की.

दिवस मावळता मावळता ती डोंगरापाशी गेली, मी मागे. तिनं साखर टाकली, छोटी घंटी वाजवली, आणि स्वेटर दोरीला बांधून जमिनीवरून ओढत, हाक मारत मारत घरी निघाली. ये गं, घरी ये, तुझं ऊबदार इथे आहे. मागे वळून बघायचं नाही. घराचं दार उघडं ठेवायचं. आत आल्यावर सातचा पाळीचा भोंगा वाजेपर्यंत बोलावणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, नाहीतर आलेलं उलट्या पावली जातं. भोंग्यापर्यंत जे आत आलं ते आलं.

निम्म्या वाटेत म्हातारी वाकून चालायला लागली, जणू दोरीच्या टोकाला कुणीतरी धोंडा बांधलाय. दारात क्षणभर थांबली. कपाळाला आठी होती. मग आत येऊन स्वेटर ब्रिसाच्या अंगावर घातला.

भोंगा वाजला आणि ब्रिसा उठून बसली. म्हणाली, भूक लागली.

निल्दा, मी रडलो. म्हातारीनं माझ्या डोक्यात टपली मारली, म्हणाली, बाईमाणसासारखा काय रडतोस, बटाटे उकड.

२६ मार्च, मंगळवार

खाते, खेळते. दोन माणसांचं खाते. लामाचं सुकं मटण तिचा जीव की प्राण होता, ते मात्र थाळीच्या कडेला सारते. चमचा डाव्या हातात धरते. कासिल्दा म्हणाली, मुलं बदलतात. धुराड्याला हात हलवत नाही आता. मी म्हटलं, आबांना नमस्कार नाही केलास? म्हणाली, ते धुराडं आहे.

मोठी होतेय, दुसरं काय.

५ एप्रिल, शुक्रवार

ओठांना खाज, पोटात कळ म्हणाली म्हणून परत रक्त दिलं होतं. आज कागद.

शिसं ४८. गट ए.

ग्लादिसबाईनं कागद वाचला, परत वाचला आणि प्रयोगशाळेला फोन लावून असली शिवीगाळ केली की बाहेर रांगेतले लोक हसायला लागले. म्हणाली, तीन आठवड्यांत नऊचे अठ्ठेचाळीस होत नाहीत, आणि माणसाचा गट तर चपलेसारखा बदलत नाही. नळ्यांची अदलाबदल झालीय. तू घाबरू नकोस.

मी घाबरलो नाही. मी घरी आलो आणि फरशी दोनदा पुसली. भिंती पुसल्या. खिडकीच्या फटी पिठाच्या खळीनं कागद चिकटवून बंद केल्या. तिची सगळी फ्रॉकं, मोजे, पांघरुणं, जे गावाहून आणलं होतं ते सगळं सोड्यात उकळून काढलं. लाल स्वेटर तेवढा देईना. हातपाय झाडले, चावली.

काम करताना डोक्यात दोनच आकडे. नऊ, अठ्ठेचाळीस. खरंच कुणाची तरी नळी असेल, तर मग ४८ वालं पोर दुसरं कुणीतरी आहे आणि त्याच्या बापाला ९ चा कागद मिळालाय. तो आज आनंदात असेल. मला त्या माणसाची कीव आली आणि रागही आला.

कागद लावताना खिडकीतून डोंगराच्या टोकावर काहीतरी छोटं बसलेलं दिसलं. पोरासारखं. पहारेकऱ्याला ओरडून सांगितलं. तो वर जाऊन आला, म्हणाला, चष्मा घे भावा.

१३ एप्रिल, शनिवार

या वेळी ग्लादिसबाईनं नळीवर नाव माझ्यासमोर लिहिलं, मीही सही केली. दोघांच्या डोळ्यांसमोर डबा बंद झाला.

६१. गट ए.

डॉक्टर म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. मग म्हणाला, मुलीला उपचार सुरू करू. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय तर उपचार कसले, आणि नसेल बिघडलं तर हे रक्त कुणाचं? तो चिडला. म्हणाला, तुम्ही शाळा किती शिकलात? ग्लादिसबाई मध्ये पडली, म्हणाली, डॉक्टर, त्याला जे कळलं नाही ते मलाही कळलेलं नाही आणि तुम्हालाही.

मग तिनं मला बाजूला घेतलं. खालच्या आवाजात विचारलं, मुलगी तुझीच ना रे? निल्दा, रागावू नकोस, मी रागावलो नाही. मी म्हटलं, पहिल्या कागदावर ओ होता की बाई.

डोंगरावरचं ते आजही होतं. संध्याकाळी. आमच्या खिडकीकडे तोंड करून.

१७ एप्रिल, बुधवार

पोटाच्या कळा वाढल्या. ओकते. शिसं उतरवायचं औषध राजधानीहून मागवलंय.

हाताचा एक्स-रे काढला. डॉक्टरनं तो उजेडासमोर धरला, उलटा करून पुन्हा धरला. हाडांत पांढऱ्या रेघा, वर्षानुवर्षं शिसं खाल्लेल्या पोराच्या असतात तशा. आणि हाडांचं वय सात. आमची तर चारची आहे. म्हणाला, जन्मदाखला आणा.

आणला. चारच.

रात्री जेवताना तिचा पुढचा दात पडला. ताटलीत टक्क वाजला. चार वर्षांच्या मुलीचा. खाली नवा आधीच आलेला, मोठा, करवतीसारखा. तिला नवल वाटलं नाही. दात माझ्या हातात दिला, जणू मी मागितला होता.

२१ एप्रिल, रविवार

तुझा फोन आला तेव्हा तुला ठीक आहे म्हणालो. कागदावर खोटं जमत नाही, फोनवर जमतं.

कामावरून आलो तर ती वही घेऊन बसलेली. ओळीवर बोट ठेवून. ओठ हलत होते.

वही सुलटी होती.

२४ एप्रिल, बुधवार

ग्लादिसबाईनं पाळी संपल्यावर बोलावलं. दवाखाना रिकामा. म्हणाली, मी हे तुला दाखवलेलं नाही, तू इथे आलेला नाहीस. जुनी फाईल काढली. हे आकडे कुठेतरी पाहिलेत असं तिला वाटत होतं, म्हणून दोन दिवस कपाटं उपसत होती.

एल्वा नावाची मुलगी. वय सात. बाप फिटर, सपाटीकडचा, म्हणून गट ए. पत्ता — ओळीतलं शेवटचं घर. निळं दार.

चार कागद. ४८. ६१. ७४. ९२.

मी विचारलं, त्याच्यापुढे? ती म्हणाली, त्याच्यापुढे कागद नाही. ९२ चा कागद आला त्या दिवशी तो द्यायला कुणी नव्हतं. आईबाप पोरीला पुरायला गेले होते. दोन वर्षं झाली. मग ते गाव सोडून गेले.

मी म्हटलं, आमचे दोन झालेत. ती म्हणाली, हो. मग एवढी आडदांड बाई, ओंजळीत तोंड लपवून रडली.

२५ एप्रिल, गुरुवार

कासिल्दाला सगळं सांगितलं. स्वेटर कुठे सापडला तेही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. आपीचं पातेलं उतरवलं, बसली. म्हणाली, एल्वाचे कपडे आठव्या दिवशी आम्ही बायकांनीच ओढ्यावर धुवून जाळले. तिची आई म्हणाली होती, लाल स्वेटर हरवला, सापडत नाही; मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. तिला जाळवला नाही गं बाई तो. मागे ठेवून गेली. पोरगी दोन वर्षं थंडीत फिरतेय आणि मी तिला तिच्याच घामाच्या कापडानं हाक मारली, ये म्हणून, तुझं ऊबदार इथे आहे म्हणून. आली ती. तुझी चार वर्षांची एवढी जड कशी, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं.

मी विचारलं, आणि माझी?

तिनं डोंगराकडे हनुवटी केली.

म्हणाली, तो स्वेटर जाळ आणि तुझीला तिच्या कापडानं बोलाव. मी नाही, ज्यानं खोटं सांगितलं त्यानंच बोलवायचं. न धुतलेलं, फक्त तिचं.

निल्दा, मी सगळं उकळून काढलंय. सगळं. सोड्यात.

२८ एप्रिल, रविवार

तुला खरं सांगितलं. तू सगळं दोनदा परत सांगायला लावलंस. मग म्हणालीस, माझ्याकडे अवायो आहे. जिच्यात तिला पाठीवर बांधून वाढवली ती शाल. वास यावा म्हणून नेली होतीस, धुतली नाहीस. बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवते म्हणालीस, आणि मालकीण सोडेल त्या दिवशी मी येते.

फोन ठेवला तर ती दारात उभी. म्हणाली, आई काय पाठवणार आहे?

मी म्हटलं, खाऊ.

३ मे, शुक्रवार

७४.

औषध चालू आहे. फरक नाही. आज पुन्हा रक्त घेतलं, एल्वाच्या हिशोबानं चौथं. कागद बुधवारी येईल, ८ तारखेला. शहरात खाट मिळेल ती ९ ला. ग्लादिसबाईनं तारीख सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

पळून जावंसं वाटलं. पाचही नोकऱ्या सोडताना वाटलं होतं तसं. पण पळू कुठे, ती डोंगरावर बसलीय.

६ मे, सोमवार

अवायो आली. नाकाला लावली. दूध, धूर, तुझा खांदा. सगळं आहे त्यात.

मी शाल उघडली तेव्हा ती भिंतीला सरकली. म्हणाली, तू मला घालवणार आहेस ना? मी खूप खाते म्हणून?

मी शाल घडी करून परत पिशवीत ठेवली. पोरच आहे ती. सात वर्षांचं पोर. थंडी वाजत होती, कुणी हाक मारली, आली.

७ मे, मंगळवार

सकाळी — ती गुंगीत होती तेव्हा स्वेटर काढला आणि चुलीत घातला. जागी झाली. ओरडली नाही. जळेपर्यंत बघत राहिली. शेवटी बाहीचे पांढरे लामा काळे झाले तेव्हा म्हणाली, ते आईनं विणले होते.

दुपारी — ग्लादिसबाई येऊन नाडी बघून गेली. हलकी लागतेय म्हणाली. उद्यापर्यंत — म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

संध्याकाळ. सहा वीस — मी डोंगरावरून आलो. अवायो ओढत आणली. साखर, घंटी, सगळं केलं. मागे वळून बघितलं नाही. माझ्या मागे खंगरावर बारीक पावलं वाजत होती, दोन पावलं आणि एक उडी, ती चालते तशी. मी रडत होतो पण आवाज काढला नाही.

आत आलो. शाल तिच्या अंगावर घालायला वाकलो, तर खाटेवरून आवाज आला, ताता, थंडी वाजते, दार लाव. बोबडं. ब्रिसाचं बोबडं. दीड महिना न ऐकलेलं. माझे पाय आपोआप गेले. दार लावलं. कडी घातली.

काय केलं मी —

सहा तीस — दारावर टकटक. खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. ताता, मी आले. दार का लावलंस?

तोच आवाज. दोन्ही तोच.

खाटेवरची म्हणते, उघडू नकोस, ती एल्वा आहे. स्वेटर जाळलास म्हणून ती बाहेर गेली. तू शालीनं बोलावलंस ना, मी तेव्हाच आले. बघ माझ्याकडे. मीच ब्रिसा.

असेलही. डोळे तिचेच आहेत. हात धरू देते. मी दार उघडलं आणि आत आलेली — नाही उघडलं आणि बाहेरची —

बोलता येत नाही. भोंग्यापर्यंत तोंड उघडायचं नाही. म्हणून लिहितोय. हात चालतो तोवर डोकं चालतं. सात वाजता जे आत ते आत.

सहा चाळीस — दाराशी पाठ लावून बसलोय. बाहेर ती रडत नाहीये. दारावर नखानं काहीतरी काढतेय.

खाटेवरची उठून बसलीय. इकडे बघतेय.

बोलता आलं असतं तर दोघींना एकच विचारलं असतं. आबांच्या कोकराचं नाव काय.

सहा पंचेचाळीस — तिनं उत्तर दिलं. खाटेवरून. पालोमिता, ताता.

मी विचारलं नव्हतं.

मी फक्त लिहिलं होतं. आणि पालोमिता हे नाव जगात कुठेच नाही, या वहीशिवाय.

ती खाटेवरून उतरलीय. माझ्यामागे आहे —

बाहेरून हसण्याचा आवाज. आता ती कोकराला हाक मारतेय, दारासमोरून पळत गेल्यासारखी. आबांनी ठेवलेल्या नावानं. पाद्र्यासमोर मारायची ना, तशीच, मोठ्यांदा, न लाजता.

ते नाव मी आताही लिहिणार नाही. निल्दा, तुला माहीत आहे. इथे ते फक्त मला आणि तिला —

सहा बावन्न. मी उठतो. कडी काढ —

मनगटावर हात पडलाय. गार. डावा. दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. मी लिहितो तसं सरकतंय, शब्दाशब्दावर. या ओळीवर. या श